बाहुलीचे कपडे निघाले पाहिजेत

बाहुल्या दोन जातींच्या. एक, जिचे कपडे निघतात. दुसरी, जिचे निघत नाहीत. दुसरीला मी बाहुली मानतच नाही. ती शोभेची वस्तू, तिला काचेच्या कपाटात ठेवावं आणि दिवाळीला पुसावं. मत जरा टोकाचं आहे, मान्य. क्रोशानं बाहुल्या विणणाऱ्या माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणींना ते पटत नाही. त्या फ्रॉक अंगाबरोबरच विणतात. हातपाय कातडीच्या रंगाचे, मधलं धड सरळ गुलाबी, कमरेशी एका फेरीचे टाके मोकळे ठेवून त्यांतून झालर काढली की झाला फ्रॉक. काम लवकर उरकतं, फोटो छान येतो. पण ती बाहुली चार-पाच वर्षांच्या मुलीच्या हातात देऊन बघा. पोर आधी झालर वर करून आत काय आहे ते बघते, मग बाहुली पालथी करून बटण शोधते. बटण सापडलं नाही की तिचा अर्धा रस तिथेच संपतो.

आमच्या दिवाणखान्यात झाबुआची एक जोडी आहे. भिल्ल नवराबायको. त्याच्या हातात धनुष्य, तिच्या डोक्यावर टोपली, गळ्यात मण्यांच्या माळा. झाबुआ इंदूरपासून दीडशेएक किलोमीटरवर. तिथल्या रमेश आणि शांती परमार या दांपत्याला अशा बाहुल्यांच्या कामासाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी आमची जोडी नव्यानं दाखवली होती. काम खरोखर देखणं. बाईच्या लुगड्याचा कासोटा, पुरुषाच्या फेट्याचे पीळ, सगळं बघत राहावं असं. पण कपडे अंगावरच शिवलेले. इतक्या वर्षांत त्या जोडीशी आमच्या घरात कुणी खेळलेलं नाही, आणि ती खेळण्यासाठी केलेलीही नाही.

याच्या अगदी उलट टोकाला आमच्या महालक्ष्म्या. भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा येतात त्या. आमच्याकडे पितळी मुखवटे आहेत, खाली लोखंडी स्टँड. अंग असं काही नसतंच. सासूबाई टाचण्या ओठांत धरून स्टँडला साडी नेसवायला बसायच्या, आणि तासाभरात तिथे भरल्या अंगाची बाई उभी असायची. निऱ्या सारख्या पडल्या, पदर खांद्यावरून नीट उतरला, की कंबरही दिसू लागायची आणि पोटही. तिथे कापडच शरीर होतं. विसर्जनानंतर साड्या सोडल्या की परत गंजकी सळई. लग्न होऊन इंदूरला आल्यापासून मी त्यांच्या हाताखाली हे शिकले. त्यामुळे बाहुली विणायला घेतली तेव्हा हातांना वेगळीच सवय लागलेली होती. इथे साडीवर काही भागत नाही. आधी अंग करावं लागतं, आणि ते उघडं दिसलं तरी पुरं वाटावं लागतं. कारण ते उघडं पडणारच.

ही बाहुली भाचीच्या मुलीसाठी. मनू पुण्यात असते, मला मावशीआजी म्हणते. तिनं फोनवर स्वतः ऑर्डर दिली. केस लांब हवेत, बाहुली मांडीवर बसता आली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे, "कपडे धुता आले पाहिजेत. मी वाळत घालणारे." तिच्या आईनं बाल्कनीत तिच्या उंचीची दोरी बांधून दिली आहे, चिमट्यांसकट. वाढदिवसाला बाहुली मागणारी मुलं पुष्कळ असतील. धुण्यासाठी बाहुली मागणारी ही एकच.

त्या एका अटीनं अर्धे निर्णय करून टाकले. ॲक्रिलिकची लोकर बाद. ती स्वस्त, रंगांना तोटा नाही, पण चोळून धुतली की तिच्यावर गोळे येतात. सुती दोराच हवा. आणि लाल, जांभळा, गडद निळा असे रंग आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघायचे. फडक्यावर डाग उतरला तर तो दोरा बाहुलीच्या अंगाजवळ नको, नाहीतर पहिल्याच धुण्यात तिला कावीळ नाहीतर गोवर. गंमत अशी की इंदूर हे एकेकाळी सुताचं शहर. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, भोंग्यांवर घड्याळं लावावीत अशा गिरण्या. हुकुमचंद १९९१ च्या शेवटी बंद पडली आणि तिथल्या कामगारांचे थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. आज मालवा मिल हे इथल्या लोकांसाठी चौकाचं नाव आहे. विणायचा दोरा बाहेरूनच येतो.

तो घ्यायला मी बोहरा बाजारात जाते. राजवाड्याजवळच्या त्या गर्दीत गाडी नेण्याची हिंमत मी करत नाही, रिक्षा लांब सोडून चालत जाते. तिथे उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. इंदूरमधलं सगळ्यात सुबक क्रोशाकाम आमच्या मराठी घरांतल्या टेबलांवर नाही, ते दाऊदी बोहरा पुरुषांच्या डोक्यावर आहे. पांढरी टोपी, कडेला सोनेरी पट्टी, आणि त्या पट्टीत इतकी बारीक नक्षी की विणलेली आहे हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. घरातल्या बायका त्या हातानं विणतात. मी लहानपणी आईकडून क्रोशा शिकले तो सगळा सपाट होता: रुमाल, तोरणं, रेडिओवरचं आणि पुढे टीव्हीवरचं आच्छादन. गोल काम म्हणजे फार तर ताटावरची जाळी. गोल वस्तूला उंची कशी द्यायची ते मला बोहरा बाजारातल्या दुकानातल्या बेननी सांगितलं. गल्ल्याशेजारी बसून त्या टोपीच विणत होत्या. मी दोऱ्याचा रंग बघता बघता विचारलं. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "माथा सपाट चाहिए तो हर फेरे में बढ़ाते जाओ. बढ़ाना बंद करो, दीवार अपने आप खड़ी हो जाएगी."

बाहुलीच्या डोक्याचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आलं. दोऱ्याच्या एका सरकफासात सहा मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड टाके, घ्यायचे आणि फास ओढून भोक मिटवायचं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. मग अठरा, चोवीस, तीस, छत्तीस. दर फेरीला सहाच का, हे मी बरीच वर्षं न विचारता करत आले. उत्तर शाळेतलंच आहे. मुका खांब जवळजवळ जितका उंच तितकाच रुंद. फेरी एका टाक्यानं बाहेर सरकली की परीघ दोन पायनं वाढतो, म्हणजे सव्वासहा टाक्यांनी. सव्वा विणता येत नाही म्हणून सहा. पूर्ण खांब घेतला तर तो उंच असतो, म्हणून तिथे बारा लागतात. छत्तीसला वाढवणं थांबवलं की भिंत उभी राहते, आणि काही फेऱ्यांनी टाके कमी करत आलं की गोळा मिटतो. बोहऱ्यांची टोपी अर्ध्यावर थांबते. ती तशीच पुढे नेऊन खालून मिटवली की बाहुलीचं डोकं.

अशा बाहुल्यांची आत्ताची लाट जपानकडून आली. अमिगुरुमी म्हणून त्या जगभर विणल्या जातात, आणि त्यांची ओळख म्हणजे मोठं डोकं, इवलं अंग, सलग चकलीसारखी फिरत जाणारी वीण. फेरी कुठे संपली ते टाक्यांवरून कळतच नाही, म्हणून पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवायची आणि दर फेरीला ती वर सरकवायची. टीव्ही बघत विणता येतं म्हणणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. मी मोजते. घरात कुणी मध्येच हाक मारली तर उत्तर म्हणून आकडा देते.

अंगासाठी दोऱ्याला शोभेल त्याहून बारीक सुई घ्यावी. आठपदरी सुती दोऱ्याला लोक साडेतीन मिलिमीटरची सुई वापरतील. मी अंगाला अडीचची घेते. टाके घट्ट बसतात, हात दुखतात, पण भरलेला फायबर फटींतून डोकावत नाही. आणखी एक युक्ती आहे, ती सांगण्यासारखी आहे. मुका खांब काढताना दोरा सुईवरून न घेता सुईच्या खालून ओढून घेतला तर टाका फुलीसारखा पडतो, नेहमीसारखा इंग्रजी व्ही होत नाही. फुलीचा टाका अधिक घट्ट, आणि मुख्य म्हणजे कमी तिरका. व्हीचे टाके दर फेरीला किंचित सरकत जातात, त्यामुळे बाहुलीच्या पोटावर सरळ रेघ काढायला गेलात तर ती कुठल्या कुठे जाते.

मान हा नाजूक विषय. डोकं एवढं जड आणि मान बोटाएवढी, त्यामुळे या बाहुल्या मान टाकतात. काही जणी आत लाकडी काडी घालतात, काही जणी तार. लहान मुलीच्या बाहुलीत तार मी कधीच घालणार नाही. उशीत झोपेल ती. त्यापेक्षा धड, मान आणि डोकं एकसलग विणावं, मान जरा रुंद ठेवावी आणि तिथे फायबर काडीनं ठासून ठासून भरावा. मग डोकं हलतं, पण पडत नाही. डोळ्यांचंही तसंच. प्लास्टिकचे काळेभोर डोळे मिळतात, आतून चकती लावून पक्के करायचे. दिसतात गोड. पण तीन वर्षांखालचं मूल घरात असेल, आणि मनूला धाकटा भाऊ आहे, तर सुटा होऊ शकेल असा एकही तुकडा बाहुलीवर नको. डोळे दोऱ्यानं भरायचे. भरलेल्या डोळ्यांना एक फायदा असतो, ते जरा वर-खाली झाले की बाहुलीला स्वतःचा स्वभाव येतो. मनूची बाहुली किंचित शंकेखोर दिसते. मला ती तशीच आवडली.

रंग निवडताना दुकानदारानं न विचारता फिकट गुलाबीसर लडी पुढे केली. बाहुलीची कातडी म्हणजे हीच, असं बाजारानं ठरवून टाकलेलं आहे. आमच्या अख्ख्या खानदानात त्या रंगाचं कुणी नाही. मी बिस्किटी आणि चॉकलेटी यांच्या मधला एक रंग घेतला, मनूच्या हाताच्या पाठीशी जुळेल असा. केस काळे. काळा दोरा रात्री विणू नये. टाके दिसत नाहीत, बोटांनी चाचपडत राहावं लागतं, आणि चष्म्याचा नंबर वाढला की काय अशी शंका येते.

आता कपडे.

इथे क्रोशा आपला खरा दोष दाखवतो. बाहुली फूटभर उंच. साडेपाच फुटांच्या बाईच्या ती साडेपाचपट लहान. पण दोरा काही साडेपाचपट बारीक झालेला नाही. त्या दोऱ्याच्या विणीची जाडी तीनेक मिलिमीटर भरते. हिशेब केला तर आपल्या अंगावर दीड सेंटिमीटरहून जाड कापड, म्हणजे गोधडी. आपण बाहुलीला फ्रॉक घालतो तेव्हा खरं तर तिला गोधडी शिवत असतो. म्हणून अंगाचा नियम कपड्यांना उलटा करावा लागतो. पातळ दोरा, जाड सुई, आणि मुक्या खांबांऐवजी लांब खांब. लांब टाक्यांमध्ये हवा राहते, वीण लोंबते, पडते. परकराला ही युक्ती उत्तम लागू होते. घेर हवा तिथे दर टाक्यात दोन-दोन, तीन-तीन खांब घालत सुटायचं. परीघ असा वाढत जातो की वीण सपाट राहूच शकत नाही, लाटा येतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ दायना तायमिना यांनी १९९७ साली नेमक्या याच रीतीनं विणून हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे कडेकडे वाढत लाटा घेत जाणारा, हातात धरता येईल असा करून दाखवला. कागदाचे नमुने फाटायचे, विणलेला टिकला. माझ्या लेखी त्यांनी अत्यंत गंभीर हेतूनं परकराची झालर विणली.

वरच्या अंगाला काय घालावं, यावर मात्र मी अडले. बाहुलीचं डोकं छत्तीस टाक्यांचं, मान बारा टाक्यांची. डोक्यावरून घालायचा कुठलाही झगा गळ्याशी एवढा मोठा ठेवावा लागतो की तो खांद्यांवर थांबत नाही. पाठीवर बटणं लावावीत तर पाच वर्षांच्या बोटांना ती लावता येत नाहीत, आणि धाकट्या भावामुळे बटणं मुळात नकोतच. तेव्हा सुचलं की ही अडचण नवी नाही. प्रत्येक तान्ह्या बाळाची हीच अडचण असते. मोठ्या माणसाचं डोकं उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढं, नवजात बाळाचं चौथ्या हिश्श्याएवढं. मोठं डोकं, नसल्यासारखी मान, आणि हात बाहीत घालू न देण्याची जिद्द. आपल्या आज्यांनी त्यावर झबलं काढलं. पुढून किंवा मागून सबंध उघडं, कडेला बंद. डोक्यावरून काही घालायचंच नाही. बाळाला कापडावर ठेवायचं, दोन्ही बाजू ओढून घ्यायच्या, गाठ मारायची. बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची यांचे ढीग मी आयुष्यभर बघितले, चार-दोन विणलेसुद्धा. पण त्यांच्या कापात इतका विचार आहे हे बाहुलीमुळे समजलं. कुंचीचंही तेच. टोपी आणि पाठीवरचा झगा एकच, त्यामुळे बाळानं कितीही पाय झाडले तरी डोक्यावरून घसरत नाही.

मनूच्या बाहुलीला मी बंदांचं झबलंवजा पोलकं केलं, साखळीचे बंद, टोकाला गाठी. मनूला गाठ मारता येते, सोडता येत नाही. तिची आई सोडते. चालायचं.

नऊवारीची हौस माझी. मनूनं ती मागितली नव्हती, हे इथे लिहून ठेवते. अहिल्याबाईंच्या गावची बाहुली (इंदूर, महेश्वर, आम्हाला दोन्ही आपलीच) लुगडं नेसलेली हवी, असं मला वाटत होतं. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर आणून वसवले, आणि तिथल्या साडीच्या काठांवर किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरची नक्षी उतरली. काठांची नावंही तशीच साधी आहेत, ईंट, हीरा, चटाई. यातला ईंट हा काठ क्रोशासाठीच जन्मला असावा, कारण मुक्या खांबांच्या ओळी एकावर एक ठेवल्या की त्या विटांसारख्याच दिसतात. काठ झाला. पण नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. बाहुलीच्या मापानं दीड मीटर लांब आणि वीत-सव्वावीत रुंद पट्टी. दोरा कितीही पातळ घेतला तरी एवढी पट्टी कमरेभोवती गुंडाळली, मागे कासोटा खोवला, की बाहुलीच्या मध्यभागी टायर. मांडीवर बसणं दूर, ती उभीही राहिना. मग मी बाजारात हल्ली मिळते तशी, पायजम्यासारखी चढवायची शिवलेली नऊवारी विणली. दोन पाय, मध्ये खऱ्या दिसणाऱ्या पाच निऱ्या, मागे कासोट्याची जोडलेली पट्टी, पदर वेगळा, कमरेला ओढायची नाडी.

आत्यांना हे अजिबात पसंत नाही. यजमानांच्या या आत्या रामबागेत राहतात, वय ऐंशीच्या पुढे, अजूनही रोज नऊवारी नेसतात, न बघता, दोन मिनिटांत. त्यांनी बाहुली हातात घेतली, नाडी सोडली, नाडी बांधली. "लुगडं म्हणजे नेसायची गोष्ट गं. हा लेंगा झाला." मी म्हटलं, आत्या, पाच वर्षांची मुलगी नेसवणार कशी? "शिकेल की. आम्ही भातुकलीत ठकीला नेसवायचोच. चिंधी फाडायची, ठकीला गुंडाळायची." त्यांचं खरं होतं. लाकडी ठकीला हातपाय सुटे नसतात, ओंडकाच तो, आणि जुन्या पातळाची चिंधी पातळ असते. चिंधी नेसते, क्रोशा नेसत नाही. तेव्हा पेटीतून सासूबाईंच्या विरलेल्या महेश्वरीचा एक तुकडा काढला आणि काठासकट बाहुलीच्या सामानात टाकला. विणलेला लेंगा माझा, चिंधी आत्यांची. ज्याला जे नेसवायचं ते नेसवू दे.

दागिने आणि सामान यांत मात्र मला कुणी अडवू शकलं नाही. ही विणकामातली सगळ्यात निरुद्योगी आणि सगळ्यात सुखाची पायरी. नथ मण्यांची नाही, दोऱ्यानं नाकावरच भरलेली. बांगड्या साखळीच्या, पण बाहुलीला मनगट नसतं, हात म्हणजे नळी, म्हणून बांगडी सरळ गळून पडते. त्यासाठी तळहाताला अंगठ्याचा एक फुगवटा काढला. पायांना बोटं नाहीत, त्यामुळे कोल्हापुरी टिकेना. मागे पट्टा असलेल्या सँडल केल्या. एक बटवा, एक झोळी. आणि इंदूरची बाहुली म्हणून पोहे-जिलेबीची बशी. जिलेबीला काहीच लागत नाही. जाड साखळी विणायची, दोनदा फिरवून टाचायची, इंदूरच्या कुठल्याही हलवायापेक्षा लवकर होते. पोह्यांवर वेळ गेला. पिवळ्या दोऱ्याच्या बारीक गाठींचा थर, त्यावर हिरवे ठिपके कोथिंबिरीचे, आणि दोऱ्याचे पदर सुटे करून कातरलेली शेव. जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, तेवढं राहिलं. जिरावण विणता येत नाही.

बाहुली ज्यानं ज्यानं बघितली त्यानं विचारलं, विकत का नाहीस? किती घेशील? मी आकडा सांगत नाही, कारण खरा आकडा सांगितला तर लोक हसतात आणि खोटा सांगितला तर मला राग येतो. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला आहे. त्यातून सूट हवी तर हस्तकला आयुक्तालयाकडे कारागीर म्हणून नोंदणी करावी लागते. पण खरं कारण वेगळं आहे. क्रोशा यंत्रावर होत नाही. स्वेटरची वीण यंत्रं करतात, क्रोशासारखी दिसणारी जाळीही करतात, पण खरा क्रोशा, जिथे एकच सुई एकेक टाका आधीच्या टाक्यातून ओढून पुरा करते, अजून हातानंच होतो. म्हणजे दुकानात शंभर-दोनशे रुपयांना क्रोशाची वस्तू दिसली तर ती कुणाच्या तरी हातांनी केलेली असते, आणि त्या हातांना काय मिळालं असेल याचा हिशेब आपण करू शकतो. आंध्रातल्या नरसापूरची क्रोशाची लेस प्रसिद्ध आहे, २०२४ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे ती कला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी नेली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, तो १९८२ साली प्रसिद्ध झाला. दिवसाचे कितीतरी तास विणून त्या परदेशी बाजारासाठी माल तयार करत होत्या, तरी सगळ्यांच्या लेखी त्या घरी बसून फावल्या वेळात काहीबाही विणणाऱ्या गृहिणी होत्या. पैसा व्यापाऱ्यांच्या घरात. "तुझा वेळ छान जातो गं" हे वाक्य मला आवडत नाही, ते यामुळे. माझा वेळ आधीही छानच जात होता.

बाहुली पुण्याला पोचली त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती उघडीच होती. नऊवारी, परकर, पोलकं, सगळं दोरीवर, थेंब गळत होते. मनूनं एकेक चिमटा दाखवला. रंग कुठेही उतरला नव्हता, मी कॅमेरा जवळ न्यायला लावून खात्री केली. महेश्वरीची चिंधी धाकट्या भावाच्या डोक्याला फेटा म्हणून बांधलेली. जिलेबी तोंडात घालून बघितलेली, दोघांनीही. बाहुली जमिनीवर पालथी, पाठीवर एक स्केचपेनची रेघ.

"मावशीआजी, हिला खिसा कुठेय?"

मी सांगितलं की नऊवारीला खिसा नसतो, आजीलोक कनवटीला पैसे बांधतात. कनवटी म्हणजे काय ते ओढणीचं टोक कमरेला खोवून दाखवलं. तिनं शांतपणे बघून घेतलं आणि म्हणाली की हिला खडू ठेवायचाय, तो पडेल. मग पुढची ऑर्डर आली. रेनकोट, पिवळा, दोन खिशांचा. मी म्हटलं, अगं, क्रोशाचा रेनकोट होत नाही, सगळी भोकं असतात, पाणी आत जाणार.

"पण ती खोटं खोटं भिजते ना."

आत्यांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, खिसा लुगड्यालाही लाव, कंटाळा आला कनवटीचा, नाणी पडतात. तेव्हा सध्या दोन्ही चालू आहे. पिवळा दोरा बोहरा बाजारात मिळाला, लिंबाच्या आणि हळदीच्या मधला. खिसे आधी वेगळे विणून मग टाचायचे की अंगच्या टाक्यांतूनच उचलायचे, हे ठरत नाहीये. उचललेले मजबूत होतील. रेनकोटाची टोपी सुटी करावी लागणार, आणि ती छत्तीसपेक्षा मोठी, बेचाळीसची तरी, कारण आत आता दोन वेण्या आहेत.